शेवरोलेतलं घड्याळ



प्रवासात सूर्यास्ताआधीचं जेवण कसं सांभाळता, असं मला नेहमी विचारलं जातं. डब्यात काय न्यायचं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वेळेचा. आमच्या घरात या वेळेवरून जवळजवळ वर्षभर वाद चालला होता, आणि तो होता गाडीतल्या घड्याळाचा.

आमच्याकडे १९४८ ची शेवरोले फ्लीटमास्टर आहे, आजेसासऱ्यांनी घेतलेली. त्या काळी जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. १९२८ पासून तिथे गाड्या जोडल्या जायच्या, १९५४ ला तो बंद पडला. गाडी आता लग्नाच्या वराती आणि वर्षातून चार-पाच वेळा देवदर्शन एवढ्यापुरतीच बाहेर निघते. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला जो कप्पा आहे, त्याच्या झाकणावर एक घड्याळ बसवलेलं आहे. माझ्या लग्नापासून मी ते बंदच पाहिलं होतं.

मामंजी मात्र ते चालू असताना पुढच्या सीटवर बसलेले. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. ३६ दिवस ती चालली, १८ सप्टेंबरला समाधी झाली. त्या दिवसांत दर्शनाला गावोगावहून लोक गेले, तसे आमच्या घरचेही कोल्हापूरहून सांगली, पंढरपूर, बार्शी असं करत या गाडीतून गेले. मामंजी आठ वर्षांचे होते. पावसाचे दिवस, आभाळ भरलेलं, सूर्य कुठे आहे ते दिसायचंच नाही. आजेसासरे घड्याळ बघून गाडी थांबवायचे आणि सगळे एखाद्या बांधावर बसून दशम्या खायचे. घड्याळातून मिनिट-दोन मिनिटांनी 'टक्' असा मोठा आवाज यायचा. तो मोजत बसायचं हा मामंजींचा उद्योग.

त्या 'टक्'चं कारण मला आत्ता कळलं. आत एक छोटी स्प्रिंग असते, ती मिनिट-दोन मिनिटंच घड्याळ चालवते. ती सैल झाली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये वीज जाते, लोहचुंबक झटका देऊन स्प्रिंग पुन्हा ताणतं आणि पॉइंट सुटतात. चावी द्यायला नको. पण बॅटरी उतरली की झटका पुरत नाही. पॉइंट टेकलेलेच राहतात, वीज वाहत राहते आणि कॉइल जळते. ही गाडी ६ व्होल्टची (शेवरोलेत १२ व्होल्ट १९५५ पासून आले), त्यात महिनोन् महिने उभी. घड्याळ मात्र चोवीस तास बॅटरीवर. म्हणजे ते जळणारच होतं.

आमच्या मुलाला जुन्या गाड्यांचा नाद आहे. त्याने कॉइल भरून घेतली, पॉइंट घासले, घड्याळ सुरू केलं. पहिला 'टक्' ऐकून मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. घर खूश.

पुढे जानेवारीत बाहुबलीला, म्हणजे कुंभोजच्या डोंगरावर गेलो. येताना मामंजींनी घड्याळात पाहिलं, सव्वापाच झाले होते. आमच्याकडे सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी ताट बंद करायचा नेम आहे. जानेवारीत त्या हिशेबाने साडेपाचपर्यंत वेळ होती. मी डबा उघडला, आणि आमचे हे फोन बघून म्हणाले, पाच सदतीस झालेत. घड्याळ वीस-बावीस मिनिटं मागे पडलं होतं. मामंजींनी काही न बोलता डब्याचं झाकण लावलं. पाणीसुद्धा सकाळीच घेतलं. वय ७८, त्यात साखरेचा त्रास. त्या रात्री मी तीनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावले.

तुम्ही म्हणाल, मनगटी घड्याळ नाही का? नाही. सासूबाई गेल्यावर त्यांनी परिग्रहाचं परिमाण केलं, त्यात घड्याळ आणि फोन दोन्ही सोडले. गाडीही यांच्या नावावर केली. घरात भिंतीवरचं घड्याळ, देवळात देवळातलं, आणि गाडीत हे. दर वेळी दुसऱ्याला वेळ विचारून नेम पाळायचा हे त्यांना आवडत नाही, आणि मला ते पटतं. नेम ज्याचा त्याने सांभाळायचा, तर वेळ त्याला स्वतःला दिसायला हवी.

पावसाळ्यात गाडी उभी राहिली, बॅटरी उतरली आणि नवी कॉइलही गेली. मग वाद पेटला. यांचं म्हणणं, आतलं मशीन काढून क्वार्ट्झ बसवा. मुलगा म्हणे, मग ते मूळ घड्याळ राहिलंच कुठे? जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक आधी हेच बघतात. मला वाटत होतं मामंजी नातवाची बाजू घेतील, तो 'टक्' त्यांच्या लहानपणाचा. ते म्हणाले, "खोटी वेळ दाखवणारं घड्याळ नसलेलं बरं. बंद घड्याळ निदान फसवत तरी नाही."

आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत सोन्याच्या घड्याचा दाखला दिलाय. घडा मोडून मुकुट केला. ज्याला घडा हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, ज्याला सोनं हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही. पर्याय बदलतो, द्रव्य राहतं. स्वाध्यायात हा दाखला मी कितीदा ऐकलाय, पण घरात तिघं तीन बाजूंना बसलेली तेव्हाच पाहिली. मात्र घड्याळात सोनं कोणतं, तबकडी, मशीन की वेळ, यावर आमचं एकमत आजही नाही.

काम शेवटी असं झालं. तयार मिळणारी बहुतेक क्वार्ट्झ मशीनं १२ व्होल्टची, आमची गाडी ६ ची. आमच्या घड्याळवाल्यांनी सरळ भिंतीवरच्या घड्याळाचं, पेन्सिल सेलवर चालणारं मशीन सुचवलं. झाकणामागे जागा भरपूर आहे. अडचण काट्यांची होती. जुने काटे धातूचे आणि जड, साधं मशीन ते चढावर ओढू शकत नाही. वर चढताना मिनिटकाटा अडखळतो. म्हणून जास्त ताकदीचं मशीन घेतलं. काट्यांची भोकंही नव्या दांड्याला मोठी पडत होती. त्यासाठी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने पितळेचे दोन एवढेसे बुश करून दिले, आणि पैसे घेताना तोच म्हणाला की यापेक्षा लहान काम मी केलं नव्हतं. तबकडी पिवळी पडलीय, सहाच्या आकड्याजवळ रंग उडालाय. ती नवीन रंगवायला मुलाने साफ नकार दिला, तेवढं त्याचं ऐकलं. बॅटरीकडून येणारी जुनी वायर मागून सोडवली आणि टोक नीट टेप लावून बंद केलं, नाहीतर उघडी वायर झाकणाच्या पत्र्याला लागली की नवी पीडा.

वेळ लावायला कप्पा उघडून मागचं चाक फिरवायचं, काचेला हात लावावा लागत नाही. उन्हात बंद गाडीत सेल गळतो, म्हणून तो वर्ष पुरायची वाट न बघता बदलायचा. आम्ही दिवाळी ठरवलीय. पहाटे निर्वाणलाडू चढवून आलं की मुलगा सेल बदलतो आणि मामंजी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघतात. गाडी बाहेर काढायच्या आदल्या दिवशीही बघतात. आतापर्यंत फरक मिनिटाच्या आतच निघालाय.

मोठा 'टक्' आता नाही. सेकंदाची बारीक टिकटिक आहे, ती इंजिन चालू असताना ऐकूच येत नाही. जुनं मशीन जळक्या कॉइलसकट स्टीलच्या डबीत त्याच कप्प्यात ठेवलंय. पुन्हा बसवता येईल असंच सगळं केलंय, एकही नवीन भोक पाडलेलं नाही.

गेल्या महिन्यात मुलाने मेळाव्याचा फॉर्म भरला. घड्याळाच्या रकान्याशी तो बराच वेळ थांबला. मग लिहिलं: तबकडी व काटे मूळ, मशीन बदललेले.