दोन दुखण्यांची एक मोटार

मुंबईच्या रस्त्यावर जुनी मोटार बंद पडली की पाच मिनिटांत पाच वैद्य जमतात. पहिला म्हणतो, बॅटरी बसली. दुसरा म्हणतो, पेट्रोलमध्ये कचरा आला. तिसरा बॉनेट उघडण्यापूर्वीच पाणी मागतो आणि फडके भिजवून तयार राहतो. चौथा धक्का मारावयास बाह्या सरसावतो. आणि पाचवा, ज्याच्या घराण्यात बहुधा कोणी मोटार बाळगलेली नसते, तो 'आता ही काढून टाका' असे सांगून आपल्या वाटेने चालू लागतो. गंमत अशी की या पाचांचेही निदान कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत बरोबरच असते. समोरची गाडी कोणती, एवढाच काय तो प्रश्न!

आमच्या गिरगावच्या मामांच्या गाडीपुढे या पाचही वैद्यांची हजेरी लागून गेली. गाडी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. मामांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली. आज छापखाना नाही, पण गाडी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत. आधी ती फियाट ११०० होती. १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईकरांनी मात्र दोघींनाही जन्मभर फियाटच म्हटले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने या शहराला इतकी वर्षे वाहिले, की २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षे पुरी करून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या थोर पुरुषाला द्यावा तसा तिला निरोप दिला. खाजगी गाडीला ती वीस वर्षांची मर्यादा नाही. तिची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. मामांच्या गाडीची पाळी २०२५ साली आली होती. त्यातच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारीचे हे शुल्क दहा हजार रुपये झाले.

दहा हजार भरावयाचे, तेही जी गाडी सिग्नलला मान टाकते तिच्यासाठी? मामेभावांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दोघेही ठाण्याला राहतात. 'बाबा, फोनवर बोट लावले की दारात टॅक्सी येते,' असे ते समजावीत. पण मामींना दर मंगळवारी परळच्या इस्पितळात जावे लागते, आणि काचा बंद केलेल्या, कसलेसे अत्तर मारलेल्या थंडगार गाडीत त्यांना भायखळ्यापर्यंतच मळमळू लागते. पद्मिनीच्या दाराला पुढे एक त्रिकोणी काच असते. ती वळवली की वाऱ्याचा झोत नेमका तोंडावर येतो. मामींचा सारा प्रवास त्या त्रिकोणावर चालतो. शिवाय पलीकडे स्टीअरिंगच्या गळ्याशी असलेला गिअर ओढीत मामा बसलेले असतात, हेही आहेच. पण ते कोणी बोलून दाखवीत नाही.

दुखणे असे होते. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन झोपेतून उठवलेल्या माणसासारखे 'घुर्र... घुर्र...' करी आणि आठ-दहा वेळा कण्हून एकदाचे सुरू होई. मग लालबागपर्यंत ठीक. तेथे पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली की गप्प! पुन्हा किल्ली, पुन्हा घुर्र, आणि मागे बसचा भोंगा. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. एका वायरमनने टेस्ट-लॅम्प लावून 'करंट तर आहे' असा निर्वाळा दिला. एका गॅरेजने इंजिनच उतरवण्याचा सल्ला दिला आणि आकडा असा सांगितला, की मामांनी चष्मा पुसून पुन्हा विचारला. 'आता तिचे वय झाले,' असे मामा स्वतःच म्हणू लागले, तेव्हा घरातले सगळे गप्प झाले. मामा एक्याऐंशीचे आहेत.

लालबागच्या मिस्त्रींचे नाव मला आमच्या शाळेच्या शिपायाने सांगितले. चिवडा गल्लीच्या मागे एका बोळात त्यांचे दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर तेथे ऑइलच्या वासापेक्षा तळणीचाच वास अधिक येतो. हे गृहस्थ वयाच्या विसाव्या वर्षी गिरणीत फिटरच्या हाताखाली होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, गिरणी सुटली आणि ते मोटारींकडे वळले. बोलणे कमी. गाडीला हात लावण्यापूर्वी त्यांनी मामांना दोनच प्रश्न विचारले.

"काका, स्टार्टर मारताना दिवे मंद होतात का?"

"फारसे नाही."

"आणि बंद पडते ती चालता चालता, की पाय काढल्यावर?"

मामा विचारात पडले. वर्षभरात हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मग म्हणाले, "पाय काढल्यावर. पाय दिलेला असला तर नाही पडत."

"मग ही दोन दुखणी आहेत. एक नाही," मिस्त्री म्हणाले आणि बॉनेट उघडले.

पुढचा अर्धा तास मी विद्यार्थ्याच्या भूमिकेत होतो. मोठी गंमत आली. स्टार्टर मारताना दिवे अगदी विझत आले, तर बॅटरीतच दम नाही, किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे असे समजावे. दिवे तसेच राहिले आणि स्टार्टर मात्र कण्हला, तर बॅटरीचा दम त्याच्यापर्यंत पोचत नाही. विजेला जसा जाण्याचा रस्ता लागतो तसा परतीचाही लागतो. आता इंजिन बसलेले असते रबराच्या बैठकींवर, म्हणजे त्याचा गाडीच्या पत्र्याशी संबंध तुटलेला. तो जोडण्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. दिव्यांना आणि भोंग्याला परतीची वाट पत्र्यातूनच मिळते. त्यांना या पट्टीशी कर्तव्यच नाही. म्हणून भोंगा खणखणीत वाजतो आणि मोटार मात्र उठत नाही.

मिस्त्रींनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. "मारा." काटा शून्याच्या आसपास राहावयास हवा होता, तो दीड व्होल्टच्या पुढे गेला. येथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो असे धरा. पट्टीचा अडथळा असेल अवघा एक शतांश ओहम. दोहोंचा गुणाकार दीड व्होल्ट! बारा व्होल्टची बॅटरी स्टार्टरच्या ओझ्याखाली आधीच दहा-साडेदहापर्यंत वाकलेली असते. त्यातून आणखी दीड वाटेतच गेला. वायरमनचा टेस्ट-लॅम्प अर्धा अँपिअरसुद्धा मागत नाही. त्याला तो अडथळा दिसणार कसा? दिंडी दरवाजातून एक माणूस आरामात जातो, म्हणून त्यातून गणपतीची मिरवणूक जाईल असे थोडेच आहे!

मग त्यांनी एक जाड तार बॅटरीपासून थेट इंजिनाला लावून धरली. "आता मारा, काका." इंजिन असे काही सरसरून फिरले की मामांनी दचकून किल्ली सोडली. जुनी पट्टी निघाली ती हिरवीगार; चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्या निम्म्या तारांचे पीठ झाले होते. नवी पट्टी ऑपेरा हाऊसच्या दुकानातून आली. इंजिन उतरवण्याच्या खर्चाशी तिच्या किमतीची तुलना करण्यात अर्थ नाही. मामींच्या एका मंगळवारच्या टॅक्सीइतकीही ती नव्हती.

दुसरे दुखणे पोटाचे. येथे ओल्या फडक्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते फडके हा मुंबईच्या फियाटचा जणू दागिनाच होता. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो. उन्हाळ्यात तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावी तशी त्यावर ओली पट्टी ठेवली की काम होते. पण ती गाडी मरते चढावावर किंवा चालत्या गर्दीत, आणि निवल्याशिवाय उठत नाही. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो तेव्हाही पाय दिला काय नि काढला काय, सारखेच. पाय काढल्यावरच जी मरते, तिचे कार्बोरेटरमधले मंद चालीचे पेट्रोल अडलेले असते. सिग्नलला उभ्या इंजिनाला जे घोटभर लागते, ते एका बारीक पितळी जेटमधून येते. त्याचे भोक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे. मिस्त्रींनी ते काढून उजेडासमोर धरले. उजेड दिसला नाही.

"टाचणी?" मी विचारले.

"छे, मास्तर! टाचणीने भोक मोठे होते. मग गाडी पेट्रोल पिते." त्यांनी हवेचा फुत्कार मारला आणि काळा कण उडाला. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशीही तसाच काळा चुरा होता. तो आला कोठून? जुन्या रबरी नळीतून. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला फुगवते आणि आतून सोलते. हवेतला ओलावाही ओढून घेते. गाडी मंगळवार ते मंगळवार उभीच राहात असेल, तर त्याला वेळही भरपूर मिळतो. काही मंडळी यावरून सरकारला शिव्या घालतात. मला त्यात पडावयाचे नाही. त्या इथेनॉलमागे आमच्या कोल्हापूरकडचा ऊसवालाही उभा आहे. इथेनॉलला टिकणारी नळी बाजारात मिळते. ती घातली, एक फिल्टर बसवला, प्रश्न मिटला.

खरी मौज या दोन दुखण्यांच्या संगनमतात होती. जेट तुंबलेला असूनही स्टार्टर ठणठणीत असता, तर बंद पडलेली गाडी सिग्नल सुटण्यापूर्वी पुन्हा उठली असती. उलट स्टार्टर कण्हणारा पण जेट साफ असता, तर सकाळी एकदा कण्हून दिवस निभावला असता. शिवाय इंजिन हळू फिरले की पेट्रोल नीट ओढले जात नाही, कॉइलला व्होल्टेज अपुरे पडते, ठिणगी फिकट पडते. मग मामा घाबरून पाय मारीत, आणि प्लग पेट्रोलने भिजून उरलीसुरली आशाही जाई. दोघे किरकोळ चोर एकत्र आले आणि साऱ्या घराला वाटले, दरोडा पडला.

ताडदेवला जाऊन मामांनी दहा हजार भरले. पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. लालबागच्या पुलाखाली सिग्नल लागला. मामांनी पाय काढला. इंजिन धिम्या आवाजात चालत राहिले आणि मागे मामींनी त्रिकोणी काच थोडी आणखी वळवली. चोकची तार तेवढी अजून अडकते. पण ते काम मिस्त्रींनी दिवाळीनंतर ठेवले आहे, कारण तूर्त त्यांच्या बोळात चिवड्याचे डबे इतके रचले आहेत की गाडी आत जाण्यास वाटच नाही.