कळा आल्या की आणल्या?

लायडनच्या स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात आईने साताऱ्याहून बांधून दिलेले बाळंतपणाचे गाठोडे. बाळंतशोपा, अळीव, डिंक, खारका. तारीख होती १४ एप्रिल २०२३. धाकट्या बहिणीचे दिवस १६ तारखेला भरत होते. माझा हिशेब सरळ होता. १६ ला नाही तर फार तर १८ ला बाळंतपण, पुढे दहा-बारा दिवस तिच्या हाताखाली, आणि मग परत येऊन उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात डोके घालायचे. पण हा हिशेब मी घरून आणलेला होता. तो हॉलंडात चालेना.

१६ गेली, १८ गेली, २० गेली. साताऱ्याहून सकाळ-संध्याकाळ फोन. "अगं, दिवस उलटून गेले आणि तिथले डॉक्टर करतायत तरी काय?" आईला काय सांगणार? डॉक्टर नव्हताच. बहिणीने सबंध नऊ महिन्यांत डॉक्टरचे तोंड क्वचित पाहिले होते. तिला तपासायची ती एक सुईण.

सुईण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नऊवारी नेसलेली, कमरेला चंची लावलेली म्हातारी आली. ही बाई तिशीतली, सायकलवर येणारी, चार वर्षांचे उच्च शिक्षण घेतलेली. त्या देशात निरोगी गरोदर बाईची जबाबदारी कायद्याने तिच्याकडेच असते. काही बिघडले तरच इस्पितळ. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे तीनांतली दोन मुले घरी जन्मत. आता ते प्रमाण पुष्कळ उतरले आहे, तरी शेजारच्या देशांशी तुलना केली तर अजूनही नवल वाटावे इतके आहे. तिला डच भाषेत म्हणतात 'फेरलॉसकुंडिखे'. शब्द कानाला खडबडीत, पण फोड कळली आणि मी चालता चालता थांबले. 'फेरलॉस' म्हणजे सोडवणे. सुटका करण्यात जी निष्णात ती. आमच्या आजीच्या तोंडी बाई बाळंत झाली असे कधी नसे. "सुटली एकदाची" असे असे. तीन समुद्र ओलांडून आजीचा शब्द असा भेटेल असे वाटले नव्हते.

वाट पाहण्याचे ते दिवस आम्ही चालण्यात घालवले. लायडन त्याला फार चांगले गाव. कालवे, कालव्यांवर बुटके पूल, आणि घरांच्या भिंतींवर कविता! १९९२ पासून तिथल्या काही मंडळींनी शंभरावर कविता, ज्या त्या भाषेत, ज्या त्या लिपीत भिंतींवर रंगवून घेतल्या आहेत. पोट सावरीत बहीण पुढे आणि मराठीचा तास चुकवून आलेली मी मागे, दर कोपऱ्यावर मान वर करून उभी. "ताई, चल ना. कविता पळून जात नाहीत," ती म्हणायची. "तू मात्र भिंत बघता बघता कालव्यात पडशील."

मनातून मला ही वाट पाहणे आवडू लागले होते. त्याला कारण होते. माझा मुलगा झाला त्या वेळी मला कुणी वाट पाहू दिली नव्हती. दिवाळी तोंडावर आली होती, आणि एका नर्सिंग होमात, दिवस भरायला आठवडा असताना, मला सलाईन लावून कळा आणल्या. "सणात धावपळ नको," इतकेच कारण कानावर पडले, तेही मला नव्हे, सासूबाईंना सांगताना. अठरा तासांनी सिझेरियन झाले. मुलगा धडधाकट, पण आपल्या अंगात चाललेल्या गोष्टीबद्दल आपल्याला कुणी एक शब्द विचारला नाही, हे शल्य राहून गेले. त्या सलाईनमुळेच पोट फाडावे लागले, असेही मी वर्षानुवर्षे धरून होते.

सलाईनमध्ये असते ते ऑक्सिटोसिन. नावाचा ग्रीक अर्थ 'झटपट प्रसूती'. शरीर ते स्वतःच बनवते. द्यू विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. तेव्हापासून कळा 'येण्या'बरोबर 'आणण्या'चीही सोय झाली. मग प्रश्न उरला तो कधी आणायच्या, आणि इथे देशादेशांत फाटे फुटतात.

आपल्याकडे म्हणतात नऊ महिने नऊ दिवस. हायडेलबर्गचा नेगेले हा जर्मन वैद्य शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजायला सांगे. जगभरचे डॉक्टर आजही तेच मोजतात. आपल्या आज्या आणि हा प्रोफेसर यांच्यात अवघा दोन दिवसांचा वाद! पण त्या तारखेनंतर किती थांबायचे? न्यू जर्सीतली आमची मामेबहीण ३९ आठवड्यांनाच दवाखान्यात दाखल झाली होती. अमेरिकेत २०१८ मध्ये सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझेरियन शंभरात सुमारे १९, थांबलेल्यांत २२. म्हणजे माझी वर्षानुवर्षांची समजूत निदान सरासरीला तरी टिकत नव्हती. माझ्या बाबतीत काय झाले असते, ते कोण सांगणार! इंग्लंडात ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा आणण्याचे सुचवतात. तिथे २०२१ च्या मे महिन्यात एक मसुदा निघाला होता, की काळ्या आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या बाबतीत, बाकी सारे ठीक असले तरी, ३९ व्या आठवड्यातच विचार व्हावा. लंडनच्या आपल्या लेकीबाळींनाही तो लागू झाला असता. त्यावर वादळ उठले, आणि नोव्हेंबरच्या अंतिम आवृत्तीत ते कलम दिसले नाही. आणि हॉलंडात सुईण ४२ आठवड्यांपर्यंत बाळंतिणीला आपल्याकडे ठेवू शकते.

२४ तारखेला, सोमवारी, ४१ आठवडे आणि एक दिवस झाला होता. सुईणीने कागद पुढे ठेवला आणि शांतपणे सांगू लागली. त्यांच्याच देशात १८०१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ आठवड्यांना कळा आणल्या तेव्हा बाळाला त्रास शंभरात दोनहून कमी वेळा. ४२ पर्यंत थांबले तेव्हा तीनच्या आसपास. सिझेरियन दोन्हीकडे सारखेच. मग स्वीडनचे सांगितले. तिथे दहा हजार बायका घेण्याचे ठरले होते, पण २७६० झाल्यावरच काम थांबवावे लागले. थांबलेल्यांच्या गटात सहा बाळे दगावली होती. दुसऱ्या गटात एकही नाही. "धोका लहान आहे," ती म्हणाली, "पण तो आहे. निर्णय तुझा."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "थांब अजून. इथे इतकी छान वाट पाहतात, आणि तू घाई करणार?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. "ताई, तुला कुणी विचारलं नाही म्हणून मी थांबायचं का? मला विचारलंय. मला शुक्रवार हवा."

मी गप्प झाले. घरापर्यंत एकही कविता वाचली नाही.

गुरुवारी राजाचा वाढदिवस होता. सारे गाव नारिंगी कपड्यांत, कालव्यांतून होड्या आणि होड्यांतून ढोल. आम्ही खिडकीत बसून भाकरी आणि पिठले खाल्ले. शुक्रवारी इस्पितळात औषध नव्हे, तर पाण्याने फुगवलेला एक लहानसा फुगा गर्भाशयाच्या तोंडाशी बसवून तिला चक्क घरी पाठवले! मी घाबरून जागीच. पहाटे फुगा निघून आला, मग इस्पितळात पाणमोट फोडली, आणि शेवटी तेच माझे ओळखीचे सलाईन लागले. पण दर थेंब वाढवण्याआधी तिला सांगत होते. शनिवारी दुपारी तिची सुटका झाली. मुलगी, साडेतीन किलो.

साताऱ्याला फोन लावला. आईचा पहिला प्रश्न, "कळा आल्या की आणल्या?"

"आणल्या," बहीण पलंगावरून म्हणाली. "मीच आणवल्या."

रात्रीच्या आत आम्ही घरी होतो. पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो कमरेइतका उंच केलेला. तिथे घरी निगा राखायला येणाऱ्या बाईची कंबर मोडू नये म्हणून तसा दंडकच आहे. ही बाई विमायोजनेतून आठवडाभर रोज येई. बाळाला न्हाऊ घाली, बहिणीचे टाके पाही, भांडीही घाशी. पहिल्याच दिवशी तिने गोल टोस्टांवर लोणी लावून वर गुलाबी-पांढरे दाणे पेरले आणि येईल त्या शेजाऱ्यापुढे बशी धरली. दाण्यांना म्हणतात 'माउशेस', म्हणजे उंदरांची पिल्ले. मी एक दाणा दाताखाली फोडला. साखरेच्या आत बडीशेप! दूध चांगले येते असे त्यांच्या जुन्या बायाही म्हणतात.

मी गाठोडे सोडले आणि तिच्या तळहातावर चिमूटभर बाळंतशोपा ठेवल्या. तिने चावून पाहिल्या, डोळे मिटले आणि बशी माझ्यापुढे करून खुणेनेच सांगितले, यांच्यावरही पेर.