सोलापूरच्या पूर्व भागातील एक सकाळ

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांस काशी, रामेश्वर, गेला बाजार महाबळेश्वर तरी अपेक्षित असते. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहोत तो दक्षिण कसब्यातील आमच्या घरापासून फार तर दीड-दोन मैलांचा आहे, आणि तोही आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्कूटरवर पाठीमागे बसून केला. तथापि सारे आयुष्य सोलापुरात काढूनही त्या मुलखात पाहुणा म्हणून आम्ही त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गेलो होतो ते शिक्षक म्हणून, कोणाच्या तरी बापाकडे तक्रार घेऊन.

सोलापुरात दोन गावे शेजारी शेजारी नांदतात. एक सिद्धेश्वराच्या तळ्याभोवतीचे, भुईकोट किल्ल्याचे, कसब्याचे आणि बाळीवेशीचे. दुसरे पूर्व भागाचे. तिकडे वळले की दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे दिसू लागतात, आणि बोळाबोळांतून यंत्रमागांची खडखड ऐकू येते. १८७७ साली येथे सूतगिरणी निघाली. तिच्या आगेमागे निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर दुष्काळाच्या आणि पोटाच्या पाठीमागे येत राहिले. त्यांच्या चार-पाच पिढ्या येथेच जन्मल्या. पुरुष चादरी आणि टॉवेल विणतात, कित्येक घरच्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. नारळी पौर्णिमेस त्यांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तेलंगणातील एखादे गावच उचलून येथे आणून ठेवल्यासारखे वाटते. घरात भाषा तेलुगू, बाजारात मराठी, भांडणात दोन्ही. शिवाय कानडीही हाताशी असतेच.

अशा ठिकाणी तेलुगू चित्रपट चालावेत यात नवल नाही. नवल आहे ते हे की, ज्याच्या तेलुगू चित्रपटासाठी हे लोक पहाटे उठतात तो नट तेलुगू नव्हेच. तो तमिळ पडद्याचा सार्वभौम रजनीकांत. आणि तोही जन्माने तमिळ नव्हे. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. घराणे आमच्याच पुणे जिल्ह्यातील मावडी कडेपठारचे. पूर्वज दक्षिणेस गेले, वडील बंगळुरात पोलिसांत शिपाई होते, आणि १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेला हा मुलगा त्या शहरातील बसगाडीवर तिकिटे फाडीत होता. पुढे मद्रासेस जाऊन तो नटविद्या शिकला आणि १९७५ साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात प्रथम दिसला. गायकवाड खाली गेले आणि पद्मशाली वर आले, ही देवाणघेवाण आमच्या ध्यानात फार उशिरा आली. आमच्या गावावरून मद्रासेकडे रोज आगगाड्या जातात. त्यांतून काय जाते आणि काय येते, हे पाहावयास आम्ही फलाटावर कधी उभे राहिलो नव्हतो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो, आणि ती आमच्या लौकिकास साजेशी नाही.

१९९५ साली ‘बाशा’ नावाचा रजनीकांताचा चित्रपट तेलुगूत येऊन पूर्व भागात लागला होता. आमच्या आठवीच्या वर्गातील चार मुले मधल्या सुट्टीनंतर नाहीशी झाली. आम्ही त्या काळी शिस्तीचे मोठे अभिमानी. आमचे शिक्षण मॅट्रिक आणि पाठशाळेतील संस्कृत एवढेच. ज्याच्यापाशी पदव्या नसतात तो छडीवर अधिक भिस्त ठेवतो, हे आता कळते. आम्ही तडक चित्रपटगृहात गेलो. काळोखात कोणी दिसेना. परंतु दोन बोटे तोंडात घालून मारलेली एक शिट्टी आम्ही ओळखली, कारण ती आम्ही शाळेच्या अंगणात अनेकदा ऐकली होती आणि तिच्यापायी त्या मुलाचे हातही सुजविले होते. मध्यंतराचे दिवे लागताच आम्ही त्यास कानास धरून बाहेर काढले. तेवढ्यावर न थांबता त्याच्या घरी गेलो. बाप मागावर होता. आम्ही म्हणालो, “याला शिकवून उपयोग नाही. मागावर घाला.” तो बिचारा गुरूचा शब्द प्रमाण मानणारा. त्याने दुसऱ्याच दिवसापासून मुलास कांड्या भरावयास बसविले. आम्ही रागाने बोललो होतो. आठवड्याने पटावरून नाव कमी करताना हात थोडा अडखळला, पण परत त्या बोळात जाण्याइतके धैर्य झाले नाही. मुलगा गणितात बरा होता.

त्या मुलाचे नाव आम्ही येथे देत नाही. आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, आणि वाटेत भेटला की स्कूटर थांबवून वाकून नमस्कार करतो. २०२३ च्या ऑगस्टात तो असाच भेटला आणि म्हणाला, “सर, रजनीचा ‘जेलर’ लागतोय. एकदा आमच्यासंगट बघा की. तुम्ही यायलाच पाहिजे.” आम्ही नाही म्हणू शकलो नाही. घरी सांगितले तेव्हा सूनबाईंनी तोंडावर पदर धरला आणि नातवंडांनी आम्हाला काळा चष्मा आणून दिला.

१० ऑगस्ट, गुरुवार. चित्रपटगृहाबाहेर नटाची दोन पुरुष उंचीची आकृती उभी केलेली, तिच्या गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात नारळांचा ढीग आणि कापूर. हलगी कडाडत होती. एका तरुणाने शिडीवर चढून त्या आकृतीच्या मस्तकावर दुधाचा तांब्या रिता केला तेव्हा आमच्या मनात प्रथम दुधाचा भाव आला, हे खरे. मग रांगेतील एका म्हातारीकडे लक्ष गेले. तंबाखूने पिवळी पडलेली तिची बोटे विडी वळणाऱ्या बाईची म्हणून सहज ओळखू येत होती. तिने दोन्ही हात जोडले आणि जवळच्या पोरास तेलुगूत काही विचारले. आमच्या विद्यार्थ्याने अर्थ सांगितला: “ती विचारतीय, पोराची तब्येत आता बरी आहे का.” पोरगा म्हणजे रजनीकांत, वय वर्षे ७२.

मुंबईस माटुंग्याच्या अरोरा चित्रपटगृहात तमिळ मंडळी अशाच पहाटे करीत असत, आणि ‘मुथू’ हा चित्रपट १९९८ साली जपानात लागला तेव्हा तोक्योचे लोकही या माणसावर असेच भुलले. एका भाषेचा नट दुसऱ्या मुलखात गेला की त्याच्याभोवती माणसे अधिकच जवळ जवळ बसतात, असे दिसते.

आत आम्हाला मधल्या रांगेत मानाने बसविले. आजूबाजूस पाहतो तो पाच-सहा चेहरे ओळखीचे निघाले: सारे जुने विद्यार्थी, कोणी टकले झालेले, कोणी मुलांना घेऊन आलेले. “सर आले, सर आले,” अशी कुजबुज मागेपर्यंत गेली. पडद्यावर नटाचे नाव एकेक अक्षराने उमटू लागले आणि सभागृह असे गर्जले की खुर्ची हादरली. कागदाचे कपटे उडाले, अंगावरचे टॉवेल हवेत फिरू लागले. परंतु थोड्याच वेळात एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानी आली. आमच्या पुढच्या आणि मागच्या दोन रांगा गप्प होत्या. चाळीस चाळीस वर्षांची ती माणसे हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती आणि आमच्याकडे तिरप्या नजरेने पाहत होती.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची लक्षणे सांगितली आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षकांचे हसणे, ‘अहो’, ‘साधु’ असे उद्गार, वाढत जाणारा कोलाहल, आसनावरून उठणे, इतकेच नव्हे तर वस्त्रे देणे, हे सर्व येते. त्याहून वरची दैवी सिद्धी; तीत सभागृह भरलेले असून निःशब्द असते. हा अध्याय आम्ही पाठशाळेत घोकला होता, आणि तरीही शिट्टीस मवालीपणा म्हणत आलो. आमच्याभोवती त्या सकाळी जी शांतता पसरली होती ती दैवी खासच नव्हती. ती आमच्या छडीची होती, आणि अठ्ठावीस वर्षे टिकली होती.

आम्ही शेजारी वळून म्हणालो, “अरे, वाजव.”

त्याला ऐकू गेले नाही, किंवा गेले ते खरे वाटले नाही. आम्ही पुन्हा मोठ्याने म्हणालो, “शिट्टी वाजव! मी सांगतो.” त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, दोन बोटे तोंडात घातली, आणि तीच शिट्टी, तंतोतंत तीच, आमच्या कानाजवळून गेली. मग त्या दोन रांगांना कोण आवरणार? आमच्या खांद्यावरचे उपरणे कोणी ओढून फिरविले ते आम्हाला कळले नाही; नंतर ते तीन रांगा पुढे सापडले, कपट्यांनी भरलेले.

चित्रपटाविषयी दोन शब्द. नायक हा सेवानिवृत्त कारागृह-अधिकारी आहे. घरात त्याला फारसे कोणी मोजीत नाही. तो नातवाला चित्रफिती काढावयास मदत करतो. आमच्या वयाच्या मनुष्यास हा भाग विशेष पटला. बायकोच्या भूमिकेत रम्या कृष्णन् आहेत. १९९९ साली ‘पडयप्पा’त, जो तेलुगूत ‘नरसिंहा’ म्हणून आला, याच बाई नायकाच्या हाडवैरी होत्या. त्यामुळे त्या पडद्यावर साध्या गृहिणीप्रमाणे वावरू लागताच मागे जो हशा पिकला त्याचे कारण आम्हाला समजावून घ्यावे लागले. पुढे पुष्कळ रक्तपात होतो. तो आम्हाला रुचला नाही, आणि तसे आम्ही सांगितलेही. परंतु शेवटी बापास कळते की, ज्याच्यासाठी आपण एवढे केले तो आपला पोलीस-अधिकारी मुलगाच लाचखाऊ निघाला, आणि तो त्याला पाठीशी घालीत नाही. त्या ठिकाणी शिट्ट्या थांबल्या. या खेपेस मात्र शांतता आमच्यामुळे नव्हती. पुढील खुर्चीतील एका मुलाने बापाकडे पाहिले, आणि बाप पडद्याकडेच पाहत राहिला.

तेलुगू आम्हाला पाच-पन्नास शब्दांपलीकडे येत नाही. पडद्यावरचा आवाजही मूळ नटाचा नव्हे. तेलुगूत त्याचा आवाज बहुधा गायक मनो यांचा असतो. मराठी घरचा मनुष्य, तमिळ चित्रपट, तेलुगू वाणी, आणि सोलापुरी श्रोते! इतक्या हातांतून जाऊन आलेली वस्तू जीर्ण व्हावयास हवी; ती तशी झाली नव्हती. मागून एक हात पुढे येई आणि “सर, आता बगा, आता बगा,” असे म्हणून आमचा खांदा दाबी. आम्ही शिकवीत असताना असे कोणी कोणास म्हटल्याचे स्मरत नाही.

बाहेर आलो तो ऊन चढले होते. चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. चार माणसे पांगली आणि आम्ही दोघेच उरलो तेव्हा जे बोलावयाचे म्हणून घरून ठरवून आलो होतो ते आम्ही बोलू लागलो: “त्या वेळी, तुझ्या बापाला मी—”

त्याने बशीतला चहा संपविला. “सर, तवा तुम्ही मध्यंतरालाच बाहेर काढलं,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हसूही नव्हते. “पुढचं मला ठाऊकच नव्हतं. कांड्या भरायला लागलो, त्याचा पहिला पगार झाला, तवा जाऊन शेवट बघितला. एकटाच.”

मग त्याने स्कूटर चालू केली, आम्हाला दक्षिण कसब्यात दारापर्यंत सोडले, उपरण्यावरचे कपटे झटकून ते आमच्या हाती दिले, आणि दुपारची पाळी धरावयाची म्हणून तो घाईने परत पूर्वेकडे निघून गेला.