हिमाला न भिणारें फूल

आपल्याकडे कुंड्यांतून मिरवणारें जिरॅनियम हें वस्तुतः दक्षिण आफ्रिकेंतील पेलार्गोनियम होय. लेरितिए या फ्रेंच पंडितानें १७८९ सालींच हीं दोन घराणीं विभक्त केलीं. रोपें विकणाऱ्यांच्या तें गांवींहि नाहीं. खरें पहाडी जिरॅनियम आम्हांस भेटलें तें इंग्लंडांतील वास्तव्यांत. मूळचें पिरिनीज पर्वतावरचें, वीतभर उंचीचें, राखी पानांचें, फुलांवर जांभळ्या शिरा.

बर्फाखालीं महिनोगणती सुखानें निजणारें हें रोप इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्यांत कुजून मरतें, याचें प्रथम नवल वाटतें. परंतु बर्फाच्या पांघरुणांत तें कोरडें राहतें. येथें पावसाला खळ नाहीं. त्याला मारते ती थंडी नव्हे, ओल. म्हणून मातींत भरपूर खडी मिसळावी, बुंध्याशींहि पसरावी आणि खताचा मोह आवरावा. सुग्रास जेवलेलें रोप पानांनीं माजतें व फुलें विसरतें.

उरला सोंड्या भुंगा. तो रात्रीं पानांच्या कडा कुरतडतो, तें निदान दिसतें. त्याची पांढरी अळी मात्र मातींत मुळें खात असते, आणि एके दिवशीं कोमेजलेलें रोप उचलावें तों अलगद हातांत येतें. आमच्या शेजारच्या वृद्ध बाई दर शरदांत कुंडी उपडी करून एकेक अळी वेंचीत. तें रोप त्यांच्या दिवंगत यजमानांनीं लावलेलें होतें.