मामाच्या कॉम्प्युटरची नवी डिस्क

दिवाळीच्या सुट्टीत मी कोथरूडला मामाकडे गेले होते. पौडवरून बस मिळते. चांदणी चौकाचा उतार संपला की कोथरूड आलेच.

मामाचा कॉम्प्युटर 2009 सालचा आहे. तो सुरू व्हायला इतका वेळ लावायचा, की बटण दाबल्यावर माझे बावीसपासून एकोणतीसपर्यंत पाढे म्हणून व्हायचे. (सव्विसाला मी अडखळते, तरीसुद्धा!) शिवाय आतून कटकट आवाज यायचा. मामा म्हणाला, "डिस्क म्हातारी झाली गं. बदलायलाच पाहिजे."

पण त्या डिस्कमध्ये आजीचा आवाज होता. आजी म्हणजे आईची आई. 2011 साली मामाने तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. मी जन्मायच्या आधीच आजी वारली. निघताना आईने मला तीनदा बजावले, "मामाला सांग, बाकी काही गेलं तरी चालंल, आईचा आवाज जाऊ देऊ नको."

मामाने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवी डिस्क आणली. तिला एसएसडी म्हणतात. पत्त्यांच्या कॅटाहून जराशी मोठी, पण वजनाला अगदी हलकी. जुनी 160 जीबीची, नवी 500 जीबीची. जुन्या डिस्कमध्ये गोल थाळ्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात. नवीत काहीच फिरत नाही, नुसत्या चिप असतात. म्हणून ती लवकर वाचते. मामाने सांगितले, आयबीएम कंपनीने 1956 साली पहिली हार्ड डिस्क काढली. तिच्यात 24 इंची 50 थाळ्या होत्या, वजन एक टनाच्या आसपास, आणि मावायचे फक्त 5 मेगाबाइट! म्हणजे मोबाइलचे एक-दोन फोटो. मला तर हसूच आले.

मामाने पेटीचे झाकण काढले. आत एवढी धूळ, की मामीने आधी अंगणात न्यायला लावले. मग मामाने नवी डिस्क जोडली. एक वायर करंटची, एक माहितीची. उलटी बसतच नाही, खाच असते तिला. जुन्यातले सगळे नवीत उतरायला लागले.

41 टक्के झाले आणि मी पाणी प्यायला उठले. माझा पाय बोर्डाच्या बटणावर पडला. सगळे बंद!

मामा काहीच बोलला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. पुन्हा चालू केले तर जुनी डिस्क दिसेचना, नुसती कटकट. मी मोरीत जाऊन रडले.

मामाने तासभर ती तशीच गार होऊ दिली. मग पुन्हा लावली. दिसली! मामा म्हणाला, "आता सगळं नको. आधी आईच्या ओव्या घेऊ." आम्ही दोघे श्वास रोखून बघत होतो. ओव्या आल्या. बाकीचे रात्रभर चालले. लग्नाचे काही फोटो आलेच नाहीत.

आता तो कॉम्प्युटर बावीसचा पाढा संपायच्या आत सुरू होतो. मी आजीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मधेच ती ओवी सोडून म्हणते, "बंद कर रे, दूध उतू चाललंय."

मामाने ओव्या पेन ड्राइव्हमध्ये भरून दिल्या. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून आईने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. बाई म्हणाल्यात, शनिवारी आईला घेऊन ये, शाळेच्या कॉम्प्युटरवर लावू.