निवडून आणलेली कविता

पाठ्यपुस्तकातली कविता वर्गात येते ती कोणीतरी आधीच निवडलेली. भावार्थ गाईडात छापलेला असतो, रसग्रहणाचे मुद्दे फळ्यावर येतात. मुलाच्या वाट्याला उरते पाठांतर. तेच मूल स्वतः कविता निवडून वर्गात वाचणार असेल, तर आधी सात-आठ कविता वाचून त्याला बाजूला ठेवाव्या लागतात, आणि खरे वाचन तिथेच घडते. ‘ही का नको?’ याचे उत्तर मुले बरेचदा ‘ही का हवी?’पेक्षा नेमके देतात.

शाळेचे ग्रंथालय एका कपाटाएवढे असले म्हणून शिरूर-दौंड भागात हे काम अडत नाही. तुकोबांची पालखी आषाढी वारीत यवत, वरवंडला मुक्काम करते. अभंग तिथल्या मुलांच्या कानावरून आधीच गेलेले असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्याही ओव्या आहेत. तेव्हा आजीची ओवी वहीत उतरवून आणणारी मुलगी पुस्तकातून कविता आणणाऱ्यापेक्षा कमी काही आणत नाही. बहिणाबाईंची गाणीसुद्धा घरच्यांनी ऐकून टिपली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले.

ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावची मुले वर्गात येतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे घरी हिंदी बोलणारीही असतात. एखाद्याने बंजारा बोलीतले गाणे म्हटले की अर्थ त्यालाच विचारावा लागतो. एरवी मागच्या बाकावर गप्प असणारा मुलगा त्या तासाला गुरुजी होतो.

शिक्षकाला यात सर्वांत अवघड जाते ते गप्प बसणे. वाचन संपताच अर्थ सांगायची सवय जुनी असते. त्याऐवजी कविता दुसऱ्या मुलाकडून पुन्हा वाचून घ्यावी, तीही चाल न लावता. चालीत ओळी कुठे तुटतात ते कळत नाही. मग ‘कुठल्या शब्दापाशी थांबलास?’ एवढेच विचारावे. मोबाइलवरची कच्ची यमके कोणी आणली, तर नाक मुरडू नये. शेजारी चांगली कविता आली की फरक मुलांनाच ऐकू येतो. गुण तर देऊच नयेत, नाहीतर सगळा वर्ग परीक्षेच्या कविता आणू लागतो. ज्याला वाचायचे नाही त्याने नुसते ऐकावे.

शिक्षकानेही आपली कविता आणावी, पण पाळी आल्यावरच वाचावी. त्याने पहिली वाचली, तर पुढच्या आठवड्यात सगळ्या तसल्याच येतात.