सोमनाथचे धान

पुण्यामुंबईची मंडळी चंद्रपूर जिल्ह्यात जातात ती ताडोबाचा वाघ पाहायला. मूलच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. तेथून थोडे आत, जंगलाला लागून, सोमनाथ आहे. महादेवाचे देऊळ आहे, पावसाळ्यात धबधबाही आहे. परंतु पाहाव्यात त्या धानाच्या बांध्या. गेल्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा कापणी उरकली होती.

बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले ते १९५१ साली. सोमनाथ त्यानंतरचे, १९६७ चे. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण घरच्यांनी पुन्हा दार न उघडलेली माणसे येथे आली आणि त्यांनी ही जमीन पिकवली. येथले धान्य आनंदवनाच्या स्वयंपाकघरात जाते. भिकेवाचून ज्यांना गती नाही असे जग समजत होते, तीच माणसे इतरांची पाने वाढू लागली! दर मे महिन्यात तरुण मुलेमुली येथे श्रमसंस्कार छावणीला येतात.

मला येथवर ओढून आणले ते आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने. म्हणजे तिच्या हकिकतीने. ही पोर पुण्यात लग्नसराईत मंगल कार्यालयांतून उरलेले अन्न गोळा करी आणि रात्री बांधकामावरच्या मजुरांना नेऊन देई. काम चांगलेच. त्याच उत्साहात ती मेमध्ये छावणीला गेली. चंद्रपूरकडचे ऊन काय असते, हे पुणेकराला सांगून समजायचे नाही.

पहिल्या दिवशी पंगतीत भात वाढायला आलेल्या बाईंच्या हाताला बोटे अर्धीच होती. "घे वं माय, आपल्याच बांधीतला हाय." हिचे ताट क्षणभर मागे गेले.

"सर, आजार पसरत नाही हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली, "पण मी नेहमी वाढणारी. मला कोणी असं वाढलंच नव्हतं."

पुढे त्या दोघींची गट्टी जमली. पहाटे बांधावर माती टाकायची. तिसऱ्या दिवशी हिच्या तळहातांना फोड आले. कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून त्या बाई रोज संध्याकाळी उजेडाला बसून स्वतःचे हातपाय न्याहाळीत. त्या दिवसापासून आपले पाहून झाले की त्या हिचेही हात उलटेपालटे करून पाहू लागल्या. हे सांगताना पोरीने आपले तळवे माझ्यापुढे धरले होते. आम्ही वर्गात करुणरसावर तासन्‌तास बोलतो!

निघताना बाईंनी किलोभर तांदूळ फडक्यात बांधून दिला. पुण्याला आल्यावर तिच्या आईने ती पुरचुंडी फळीवर वेगळी ठेवली. बोलली काहीच नाही. मुलीने चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःच कुकर लावला. आई जेवायला बसली. जरा उशिरा, पण बसली.